प्रागमधलं केळवण

लग्न ठरलेल्या माणसाला मुहूर्तापर्यंत इतकं खाऊ घालायचं की शेरवानी पुन्हा शिंप्याकडे धाडावी लागावी, ही आपली रीत. मामाकडे केळवण, आत्याकडे केळवण, समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंकडेही केळवण. इंग्रज लोक नवऱ्या मुलाला जेवू घालत नाहीत, पाजतात. त्या सोहळ्याला ते स्टॅग म्हणतात. मित्रमंडळी नवरदेवाला शुक्रवारी पहाटेच्या स्वस्त विमानात घालतात, परक्या देशात नेतात आणि रविवारी रात्री तो ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत परत आणतात. सासरच्या माणसांपैकी बोलावणं असतं ते बहुधा मुलीच्या भावाला.

माझ्या चुलतबहिणीने लीड्सचा मुलगा पसंत केल्यामुळे हे बोलावणं मला आलं. लग्नात ज्याचा कान पिळायचा मान आपला, तो माणूस बायकोमाणसं नसताना कसा वागतो हे फुकटात बघायला मिळेल, म्हणून मी हो म्हटलं. (फुकटात नव्हतं, ते पुढे येईल.) आईला फोन केला.

"म्हणजे केळवणच ना रे?"

"तसंच समज."

"कोण करतंय?"

"त्याचे मित्र."

"कुठे?"

"प्रागला."

"तिथे कोण असतं त्याचं? मावशी?"

कुणीच नसतं, हे तिला पटेना. ज्या गावात आपलं कुणी नाही तिथे केळवणाला जायचंच कशाला, हा तिचा मुद्दा मला अजूनही खोडून काढता आलेला नाही. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. "पानात काय काय असतं?"

बेस्ट मॅनने एक्सेलमध्ये वेळापत्रक पाठवलं होतं. त्यात गो-कार्टिंग होतं, बंदुका चालवणं होतं, नदीत बोटीवर बिअर होती, जमिनीवर बिअर होती. जेवणाला एकच ओळ दिली होती, शनिवारी संध्याकाळी साडेसात, आणि पुढे शेरा: ‘पोटाला आधार’. आईला मी पुरी-श्रीखंड सांगितलं.

प्रागच का, याचं उत्तर सोपं आहे. माणशी बिअर पिण्यात झेक लोक जगात पहिले. आज जगभर जी सोनेरी लागर पितात तिचा जन्मच मुळी तिथल्या प्लझेन गावातला, १८४२ सालचा. अर्ध्या लिटरचा ग्लास हे तिथलं साधं माप, आणि हॉटेलात बाटलीबंद पाण्याचा दर पाहिला की बिअर हीच काटकसर वाटू लागते. शिवाय इंग्रज तरुणांना पर्यायही कमी उरलेत. अ‍ॅमस्टरडॅमने २०२३ मध्ये खास त्यांच्यासाठी ‘दंगा करायला येत असाल तर येऊ नका’ अशी जाहिरात मोहीम काढली. पाहुण्याला येऊ नका म्हणून सांगायला पैसे खर्च करणारं गाव मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. प्रागनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात गाइड घेऊन पबमागून पब पालथे घालण्याच्या सहली बंद केल्या. त्यामुळे आमची ती सहल दिवसाउजेडी उरकली आणि संध्याकाळी साडेसातला अकरा पुरुष अचानक भुकेले झाले.

त्यातला एक अननस होता. नवरदेवाला सोंग घ्यावं लागतं. आमच्या होणाऱ्या जावईबापूंना पायापासून डोक्यावरच्या तुऱ्यापर्यंत अननस केलं होतं. शनिवारी संध्याकाळी प्रागच्या जुन्या चौकात अकरा जणांसाठी टेबल मागणं आधीच धाडसाचं, त्यात अननस. काही दारांवर ‘स्टॅग पार्टी नको’ अशी पाटीच असते. जिथे नसते तिथे वेटर आधी तुऱ्याकडे बघतो, मग मागच्या सहा रिकाम्या टेबलांकडे, आणि जागा नाही म्हणतो. शेवटी कॉलरचा शर्ट घातलेला एकमेव इसम म्हणून मला पुढे केलं, अननसाला कोपऱ्यावर उभं केलं, आणि आम्ही एका ठिकाणी घुसलो.

तिथे मेन्यूत प्रत्येक पदार्थाचा रंगीत फोटो होता. इतकं म्हटलं की जाणकारांना पुढचं कळेल. टेबलावर प्रेट्झेलची टोपली होती, ती मंडळींनी आदरातिथ्य समजून संपवली. बिलात एकेक प्रेट्झेल नगाने मोजलेला, ब्रेड वेगळा, आणि टेबलावर बसल्याबद्दल माणशी आकार. आपल्याकडे पानातल्या मीठ-लिंबाचा हिशेब मांडणाऱ्या घरात पुन्हा सोयरीक होत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी गोड म्हणून त्रदेलनीक घेतला, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेली, साखरेत लोळवलेली पोकळ नळी. प्रत्येक कोपऱ्यावर ‘प्राचीन बोहेमियन’ म्हणून विकतात. युरोपीय संघाने २००७ मध्ये त्याचं भौगोलिक मानांकन दिलं ते स्लोवाकियातल्या स्कालित्सा गावाला. आत आइस्क्रीम भरलेला तर पर्यटकांइतकाच प्राचीन.

रविवारी दुपारी मात्र नशीब उघडलं, कारण वेळापत्रक शनिवारीच संपलं होतं आणि बेस्ट मॅन हॉटेलच्या लॉबीत डोळे मिटून बसला होता. त्याला उठवून आम्ही ट्राम पकडून झिझकोवला गेलो. ही प्रागची जुनी कामगारवस्ती, पबांसाठी प्रसिद्ध. एका कोपऱ्यावरच्या खानावळीत शिरलो. मेन्यू एक पान, फोटो नाहीत. अननसाकडे कुणी पाहिलंही नाही. वेटरने न विचारता अकरा बिअर ठेवल्या आणि कागदाच्या पट्टीवर अकरा रेघा ओढल्या. ग्लास रिकामा झाला की दुसरा, की रेघ. कुणी मान हलवली, कुणी "नो, थँक्यू" म्हटलं. ग्लास येतच राहिले. नको असेल तर बिअरखालचा पुठ्ठा उचलून ग्लासवर ठेवायचा, तेव्हाच तो थांबतो. हे मला चटकन उमगलं. पानावर आडवा हात धरल्याशिवाय वाढपी थांबत नाही, हे आपल्या रक्तातच आहे. माझ्यासोबतच्या सुसंस्कृत मंडळींना आग्रह हा प्रकार अपरिचित. ग्लास समोर आला म्हणजे पैसे पडणार, पैसे पडणार म्हणजे संपवायला हवा, या हिशेबाने ते एकेक करून गारद झाले.

जेवण प्रत्येकाने स्वतःपुरतं मागवलं. डुकराच्या भाजलेल्या गुडघ्याला तिथे कोलेनो म्हणतात. तो लाकडी फळीवर, वर सुरी खुपसून, मोहरी आणि नाक झोंबवणाऱ्या हॉर्सरॅडिशसोबत येतो. एकात तिघं जेवतील, असं वेटर सांगत असताना सहा जणांनी सहा मागवले. बेस्ट मॅनने टारटार नावावरून माशाबरोबरचा सॉस आठवून काहीतरी मागवलं आणि कच्च्या गोमांसाचा खिमा समोर आला, सोबत तळलेला ब्रेड आणि त्यावर घासायला लसणीच्या पाकळ्या. "जरा शिजवून आणता का?" असं त्याने विचारलं. वेटरच्या चेहऱ्यावर त्या दिवसात प्रथमच भावना दिसली.

मी गाईचं खात नाही, म्हणून त्यांच्या लाडक्या स्विच्कोवाला मुकलो. पण त्याचा सॉस शेजाऱ्याच्या ताटात नीट पाहिला. गाजर, सेलरीचे कंद वगैरे शिजवून, गाळून, साय घातलेला. वर लिंबाची चकती, क्रॅनबेरी आणि चक्क फेटलेलं क्रीम. ते क्रीम आत्ता खायचं की गोड म्हणून राखून ठेवायचं, यावर चार पदवीधरांमध्ये मतभेद झाले. सोबत क्नेद्लिक: मैदा, अंडं आणि शिळ्या पावाचे तुकडे यांचा उकडलेला लांब गोळा, दोऱ्याने कापलेला, कारण सुरीने तो दबतो. शिळ्या पावाचं सोनं करणाऱ्या बायकांविषयी माझ्या मनात तिथल्या तिथे आदर निर्माण झाला.

आमच्यात एक वीगन होता. त्याला बटाटे मिळाले. याच गावात १८८३ साली जन्मलेला काफ्का पुढे शाकाहारी झाला आणि प्रत्येक घास असंख्य वेळा चावू लागला; ते बघवेना म्हणून त्याचे वडील जेवताना तोंडापुढे वर्तमानपत्र धरत, असं त्याचे चरित्रकार सांगतात. वीगनने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पलीकडच्या व्हिएतनामी खानावळीत जाऊन भात-टोफू खाऊन आला. समाजवादी काळात कामाला आलेले व्हिएतनामी लोक तिथे मोठ्या संख्येने राहिले, याबद्दल शाकाहाऱ्यांनी इतिहासाचे आभार मानावेत.

बिल आलं ते त्या रेघांच्या पट्टीचं. नवरदेवाने द्यायचे नाहीत, वीगनने बटाट्यापुरते द्यायचे, खिमा कुणीच खाल्ला नव्हता. अर्धा तास मोबाइलवर भागाकार चालला. आपल्या केळवणाला बिल नसतं, उलट निघताना हातात पाकीट पडतं, हे मी सांगितलं तेव्हा अननस थोडा वेळ गप्प झाला. मग लग्न भारतात दोनदा करता येईल का, असं त्याने विचारलं. मुलगा चांगला आहे, असं मी घरी कळवलं.

तुम्हालाही असं बोलावणं आलं, तर विमानाच्या तिकिटाआधी जेवणाचं टेबल ठरवा, तेही दुपारचं. चौकातून ट्रामने चार थांबे लांब जा. गुडघा तिघांत एक मागवा. टोपलीतला प्रेट्झेल उचलण्याआधी दर विचारा. आणि पोट भरलं की तो पुठ्ठा ग्लासवर ठेवा. तोंडाने नको म्हटलेलं तिथे चालत नाही.