फेलसेफराव

विमान उडवायची हौस असलेला माणूस आधी विमान आणतो, असा आपला एक भाबडा समज असतो. महाडच्या फेलसेफरावांनी तो मोडीत काढला. रिमोटवरच्या विमानांचा त्यांचा नाद जुना, मुलगा बालवाडीत होता तेव्हापासूनचा. मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला, तरी विमान काही घरात आलं नाही. ट्रान्समीटर कोणता घ्यावा, यावर विचार चालू होता.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि कंपनीच्या गेटपासवर आहे. फेलसेफराव हे नाव चवदार तळ्याच्या कट्ट्यावर पडलं. संध्याकाळी एमआयडीसीची बस त्यांना सोडते, घरी जाऊन चहा घेतात आणि तळ्यावर येतात. केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंटेशनला आहेत, म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह, गेज आणि त्यांच्या वायरी. त्या खात्यात पहिल्या दिवसापासून एक प्रश्न घोटून घेतात: हवेचं प्रेशर गेलं तर हा व्हॉल्व्ह उघडा राहणार की बंद होणार? वाफेचा असेल तर बंद झाला पाहिजे, थंड पाण्याचा असेल तर उघडा राहिला पाहिजे. बाकीचे लोक हा प्रश्न सेफ्टी शूजबरोबर कंपनीत ठेवून येतात. फेलसेफराव तो घरी घेऊन आले. गीझर घेताना दुकानदाराला विचारला. भाचीच्या साखरपुड्यात, पेढा हातात असताना, मुलाच्या वडिलांना विचारला, "समजा, दुबईची नोकरी गेली तर?"

विमानाच्या बाबतीत मात्र प्रश्न चोख आहे. हातातला ट्रान्समीटर हुकूम सोडतो, विमानातला रिसीव्हर तो झेलतो आणि सर्व्हो नावाच्या बोटभर मोटरी पंखाच्या, शेपटीच्या झडपा हलवतात. मधे नुसती हवा. सिग्नल तुटल्यावर काय करायचं हे, म्हणजेच फेलसेफ, आधी सांगून ठेवलं नसेल, तर काही रिसीव्हर शेवटचा हुकूमच धरून बसतात. शेवटी थ्रॉटल पुरा उघडा असेल तर विमान त्याच जोरात, जिकडे तोंड असेल तिकडे निघतं. "तिकडे कोण असेल?" फेलसेफराव बोट उगारून विचारतात. "एसटी स्टँड असेल. शाळा सुटलेली असेल. तू असशील." विमान नसलेल्या या माणसाच्या विमानाखाली आम्ही असे कितीदा सापडलो आहोत.

सुरुवात चॅनेलपासून झाली. साध्या विमानाला चार पुरतात: थ्रॉटल, एलेरॉन, एलिव्हेटर, रडर. चार चॅनेलचा सेट घ्यायचं ठरलं होतं, पैसेही बाजूला काढलेले होते. मग त्यांच्या डोक्यात फ्लॅप आले. उद्या मोठं विमान केलं तर? दोन फ्लॅपचे दोन धरून सहा झाले. चाकं पोटात घेणारं विमान केलं तर सात. आठवा चॅनेल शिवराज्याभिषेकाचा. ६ जूनला रायगडावर वरून फुलं टाकायची तर पोटाखालचं दार उघडायला एक सर्व्हो नको? पोलिसांची परवानगी, जूनमधला वारा, गडावर लोटलेली माणसं, हे सगळं नंतर बघू. आधी चॅनेल पाहिजे. "ऐन वेळी चॅनेल कमी पडला तर कुणाच्या दारात उसना मागायला जाऊ?"

पुढे फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलचा सेट रिसीव्हरसकट चार-पाच हजारांत मिळायला लागला, तेव्हा कट्ट्याला वाटलं, सुटलो. जगभर हजारो पोरं त्याच्यावर शिकत होती. त्यातल्या काही उचापत्यांनी फर्मवेअर बदलून सहाचे दहा चॅनेल करून दाखवले होते. ही बातमी आम्ही मोठ्या उत्साहाने फेलसेफरावांना दिली आणि त्याच क्षणी तो सेट बाद झाला.

"सहाचे दहा होतात ना? मग एखाद्या दिवशी हवेत असताना दहाचे सहा पण होतील."

फुटाबा बघितला. जपानी, भरवशाचा, पण त्याला रिसीव्हर आपल्याच घराण्यातला लागतो. स्पेक्ट्रमचं तेच. सोयरीक एकदा झाली की कायमची. रेडिओमास्टरच्या सेटमध्ये अनेक घराण्यांच्या रिसीव्हरशी बोलणारं मॉड्यूल येतं, रंगीत पडदा, सोळा चॅनेल, वर एजटीएक्स ही फुकटातली प्रणाली, जिच्यात पाहिजे तो खटका पाहिजे त्या कामाला लावता येतो. किंमत वीस हजारांच्या पुढे. इथे वहिनींनी पहिल्यांदा तोंड घातलं.

"अहो, पण विमान?"

"विमान काय, विमान पडतं. मोटर जळते, बॅटरी फुगते. ट्रान्समीटर जमिनीवर असतो. तो पडत नाही. त्यावर पैसे घातले की आयुष्यभर पुरतो."

हा सल्ला जुने विमानवाले नवशिक्याला हमखास देतात आणि तो खरा आहे. फेलसेफरावांनी तो इतका मनावर घेतला, की पडण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. बाजारात तुरी म्हणतात ती ही. आमच्या गावात त्या तुरीला आठ चॅनेल होते.

मग फ्रिक्वेन्सीचा अध्याय. पूर्वीच्या सेटमध्ये क्रिस्टल असायचं. दोघांचं क्रिस्टल एकाच नंबरचं निघालं की एकाच्या विमानात दुसऱ्याचा हुकूम घुसायचा आणि दोघं मिळून एक विमान जमिनीत घालायचे. म्हणून मैदानावर कोण कुठल्या नंबरवर आहे याचा फळा लावत. हल्लीचे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या पट्ट्यात सतत जागा बदलत राहतात, त्यामुळे क्रिस्टलचं भांडण मिटलं. आपल्याकडे हा पट्टा २००५ पासून कमी ताकदीच्या यंत्रांना विनापरवाना खुला आहे. एवढं सगळं आम्हाला सांगून झाल्यावर फेलसेफराव म्हणाले, "तरी टक्कर होऊ शकते." त्या वेळी कट्ट्याच्या माहितीप्रमाणे महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून ट्रान्समीटरांची संख्या शून्य होती.

वर्षातून एक दिवस मात्र त्यांच्या बोलण्यात तथ्य वाटतं. २० मार्चला. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्या दिवसाला देशभरातून माणसं महाडला येतात. गाव फुलून जातं. फेलसेफराव त्या दिवशी रजा टाकून पहाटेपासून पाणपोईवर उभे. उन्हातून आलेल्याच्या हातात भरलेला ग्लास देणं, रिकामा घेणं, विसळणं, हे संध्याकाळपर्यंत. गर्दीला जरा उसंत मिळाली की ओला हात शर्टाला पुसून फोन काढतात आणि आसपासच्या वायफाय-हॉटस्पॉटांची यादी वर सरकवत राहतात. ती संपता संपत नाही.

"यातले निम्मे तरी २.४ वर. आता सांग, आत्ता विमान वर असतं तर?"

"आत्ता इथे विमान वर कशाला असेल?"

"समजा," असं म्हणून ते पुढच्याला ग्लास भरून देतात.

इतिहासही त्यांचा तोंडपाठ. टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात रेडिओवर चालणारी बोट दाखवली, ही गोष्ट ते तळ्याकडे हात करून सांगतात. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचं म्हणणं, त्याच्याही तीन वर्षं आधी आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं. याचा धड पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही, पण गुरुजींशी वाद कोण घालणार? फेलसेफराव घालतात, भलत्याच मुद्द्यावर. "गुरुजी, त्यात माणूस बसला नव्हता असं सांगतात ना? मग कंट्रोल कशावर होता? वर जाऊन पडलं म्हणतात, म्हणजे सिग्नल तुटला. फेलसेफ लावलं नव्हतं."

गुरुजींनी दोन दिवस अबोला धरला.

मधे २०२१ चा जुलै आला. सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, फोन गेले, तळियेची दरड कोसळल्याची बातमीसुद्धा गावाला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळली. सिग्नल गेला तर काय, या प्रश्नाला त्या आठवड्यात कुणी हसलं नाही. पाणी ओसरल्यावर फेलसेफराव चिखलात गुडघाभर उभं राहून लोकांचे मीटर आणि पंपाच्या मोटरी खोलून, वाळवून, तपासून देत हिंडत होते. एक पैसा घेतला नाही. विमानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हालाही काढवला नाही.

पुढच्या दिवाळीत बोनस झाला आणि त्यांनी सोळा चॅनेलचा सेट मागवला. आम्ही पेढे मागितले. मिळाले. सेट पाहायला मिळाला, हात लावायला नाही. कोकणातल्या दमट हवेत बुरशी येते म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसकट गोदरेजच्या कपाटात, वहिनींच्या पैठणीखाली ठेवला गेला. रविवारी बाहेर निघायचा, चार्ज व्हायचा, फर्मवेअर नवीन आलं असेल तर ते चढायचं आणि परत पैठणीखाली. संगणकाला जोडून सिम्युलेटरवर तरी उडवा, असं मुलाने सुचवलं. "त्याने खोटा आत्मविश्वास येतो," म्हणाले. दोन वर्षांत त्या सेटचा एवढाच प्रवास झाला, कपाट ते टेबल. आता 'विमान कुठलं घ्यावं' ही वही सुरू होणार, हे कट्ट्याने ओळखलं होतं. वही सुरू झालीही.

तेवढ्यात पोलादपूरचा एक पोरगा उपटला. लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला होता. त्याने निवडणुकीनंतर उतरवलेल्या सनपॅकच्या बोर्डाचं विमान केलं होतं. हजार केव्हीची मोटर, तीस अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, नऊ ग्रॅमचे सर्व्हो आणि हॉट ग्लू. उजव्या पंखाखाली उमेदवाराचे जोडलेले हात होते, डाव्या पंखाखाली अर्धा चेहरा आणि 'प्रचंड बहुमताने'. ट्रान्समीटर तोच, फेलसेफरावांनी बाद केलेला फ्लायस्काय, तोही सेकंडहँड, अँटेनाला काळी चिकटपट्टी.

डिसेंबरातल्या एका सकाळी, पोलादपूरच्या अलीकडे, भात कापून झालेल्या खाचरांत आम्ही जमलो. फेलसेफरावांनी आपला सेटही पिशवीत घालून आणला होता. वारा पडलेला होता. पोरगा विमान फेकणार एवढ्यात फेलसेफराव आडवे झाले.

"फॅन काढ."

"काका, फॅन काढला तर उडेल कसं?"

"उडवायला नाही सांगत. काढ."

पोराने मोटरचा फॅन उतरवला. फेलसेफरावांनी विमान काखेत धरलं, थ्रॉटल निम्म्यावर आणायला लावला आणि म्हणाले, "आता ट्रान्समीटर बंद कर." पोराने खटका पाडला. मोटर घुंऽऽ करत फिरतच राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. शेतमालक दोन पावलं मागे सरकला. पोराने घाईघाईने बॅटरीची पिन उपटली.

त्यानंतरची पंधरा मिनिटं फेलसेफरावांची होती. मेनूतलं फेलसेफ कुठे असतं, थ्रॉटल तळाला आणून ते कसं नोंदवायचं, चालू करताना आधी ट्रान्समीटर मग विमान, बंद करताना आधी विमान मग ट्रान्समीटर, हे सगळं त्यांनी आयुष्यात कधी हातात न घेतलेल्या सेटवर बोट न अडखळता करून दाखवलं. पुन्हा चाचणी झाली. ट्रान्समीटर बंद, मोटर बंद. मग फॅन चढला, विमान हवेत गेलं, सावित्रीच्या बाजूने दोन घिरट्या घालून खाचरात उतरलं. बांधाला अडकून शेपूट वाकली, तीही पोराने हाताने सरळ केली.

"काका, आता तुम्ही घ्या."

"नको. माझा हात नाही बसलेला."

"तुमचा सेट माझ्या सेटला जोडू. काही झालं की मी खटका दाबून परत घेतो. फक्त ट्रेनरची वायर लागेल. एका बाजूला साडेतीन मिलिमीटरची पिन, दुसऱ्या बाजूला चार पिनांची गोल. ती इथे कुठे मिळणार म्हणा."

फेलसेफरावांनी पिशवीत हात घातला. वायर निघाली. दुकानातून आली तशी, रबरबँडसकट. आणलेली कधी आणि कशाला, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

पोराने विमान वर नेऊन सरळ केलं आणि ताबा दिला. पहिला मिनिटभर फेलसेफराव बघण्यासारखे होते. विमान दूर जात होतं, काठ्या दोन बोटांच्या चिमटीत, ओठ घट्ट मिटलेले. मग वळण आलं आणि विमान आमच्याकडे तोंड करून निघालं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, नवशिक्याची खोड तिथेच मोडते. फेलसेफरावांना उपाय माहीत होता. कट्ट्यावर त्यांनी तो शेंबड्या पोरालासुद्धा शिकवला होता. त्यांनी तो मोठ्याने म्हटलाही, "जो पंख खाली झुकेल, त्याच बाजूला काठी!" आणि बरोबर दुसऱ्या बाजूला काठी दाबली.

उमेदवार हात जोडून भयंकर वेगाने आमच्याकडे येऊ लागले. गुरुजी बांधाआड आडवे झाले. पोराने खटका दाबला, विमान सावरलं आणि आमच्या डोक्यावरून 'प्रचंड बहुमताने' निघून गेलं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. फेलसेफराव ट्रान्समीटर उलटा करून मागच्या बाजूची भोकं निरखत होते.

"स्प्रिंगचा ताण अर्धा फेरा जास्त आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी ॲलन की घेऊन येतो."