अनंताची उधारी

ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच्या टपरीवर एक पोरगा वही उघडून बसलेला. बी.एस्सी., गणित. वही पुढून उघडली तर एप्सिलॉन-डेल्टा, मागून उघडली तर 'सहा मजूर एक विहीर आठ दिवसांत खणतात'. तलाठी भरतीला पदवी लागते. अंकगणित मात्र सातवीतलं. मधली वर्षं बहुधा वहीची पुढची पानं कोरी राहू नयेत म्हणून.

टपरीवाल्या काकींनी विचारलं, "झिला, तीन वर्सा काय शिकलस रे?"

"काकी, अनंतातय ल्हान-मोठे असतत. कॅन्टरान १८७४ सालीच सिद्ध केल्यान."

काकींनी गल्ल्याखालची लाल वही काढली. "मगे तुझी उधारी खयच्यात लिहू? ल्हान काय मोठ्या?"

पोरानं निमूट मजुरांचं पान उघडलं.