अलेक्झांड्रिया एका दिवसात : नवशिक्यांसाठी

कैरोहून अलेक्झांड्रियाच्या सहलीचे पैसे भरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. या शहराच्या ज्या ज्या गोष्टी तुम्हांला शाळेपासून ठाऊक आहेत, त्यांतली जवळजवळ एकही तिथे नाही. दीपस्तंभ पडला, ग्रंथालय गेलं, क्लिओपात्राच्या राजवाड्याचा परिसर पाण्याखाली आहे आणि इ.स.पू. ३३१मध्ये शहर वसवणाऱ्या सिकंदराची कबर अजून सापडलेली नाही. तेव्हा नसलेल्या गोष्टीसमोर उभं राहून मनापासून ‘वा!’ म्हणता येणं, हे इथलं मुख्य कौशल्य. सराव घरीच करून जावं.

अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. बस पहाटे निघते, म्हणजे सगळे जमले की निघते. खिडकीवरून भांडू नका. दोन्हीकडे वाळू आणि जाहिरातींचे फलक आहेत. गाइड माइक हातात घेऊन टॉलेमी पहिला, टॉलेमी दुसरा असं सुरू करतो. ही राजांची यादी पंधराव्यापर्यंत जाते. आपली क्लिओपात्रासुद्धा सातवी. डोळा लागला तर लागू द्या. जाग येईल तेव्हाही टॉलेमीच चालू असेल.

पहिला थांबा पाँपेचा स्तंभ. तो पाँपेचा नाही. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या सन्मानार्थ इ.स. ३००च्या सुमारास तो उभारला. तोवर रोमन सेनापती पाँपेचा खून होऊन साडेतीनशे वर्षं होत आली होती. पुढे क्रूसेडरांना वाटलं की त्याचं शीर या खांबावर ठेवलेलं असणार, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. गाइड हे सगळं सांगतो आणि लगेच म्हणतो, “पाँपे पिलर, पंधरा मिनिटं!” आस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा हा खांब पायासकट सुमारे २७ मीटर आहे, मोबाइलच्या चौकटीत मावत नाही. फोटो काढणाऱ्यानं मागे मागे सरकू नये. मागे उत्खननाचे खड्डे आहेत.

इथून जवळच कोम अल-शुकाफाची भुयारी दफनभूमी. “जिने फार आहेत, ज्यांना नको त्यांनी बसमध्ये बसा,” असं सांगतात. गुडघ्यांना परवानगी विचारा, पण जमत असेल तर उतराच. दिवसभरात खरोखर जागेवर असलेलं, नाव घेण्याजोगं असं हेच. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडलं आणि त्याच्यामागून पुरातत्त्वखातं पोहोचलं. गोल जिन्याच्या मधल्या विहिरीतून प्रेतं दोरानं खाली सोडत. खाली दारापाशी कोल्हेमुखी अनुबिस उभा आहे, अंगात रोमन शिपायाचं चिलखत. इजिप्तचा देव, रोमची नोकरी! शेजारच्या दालनात तिन्ही बाजूंना दगडी बाक आहेत. गेलेल्याच्या नावानं नातेवाईक इथे येऊन जेवत आणि, सांगतात त्याप्रमाणे, वापरलेली भांडी घरी न नेता फोडून टाकत. आपल्याकडच्या काकू-मावश्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या विचारतात, “वाढायचं कोण?”

जेवण मासळीचं. बर्फावर मांडलेला मासा निवडायचा, तो वजन करून घ्यायचा आणि तळलेला की भाजलेला ते सांगायचं. कोकणातली मंडळी कल्ले उचलून पाहतात तेव्हा दुकानदाराचा सूर बदलतो. शाकाहारींनी रोटी, ताहिनी आणि वांग्यावर भागवावं. तपकिरी भात दिसला तर आधी विचारा. तो माशाच्या रश्श्यात शिजलेला असू शकतो.

मग कायतबेचा किल्ला. दीपस्तंभ इथेच होता, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. भूकंपांनी तो खिळखिळा केला. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता दुसऱ्यांदा आला तेव्हा आत शिरण्याचीही सोय उरली नव्हती. १४७७मध्ये सुलतान कायतबेनं त्या जागेवर किल्ला बांधायला घेतला. त्यामुळे किल्ल्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहायचं, की समुद्राकडे पाठ करून किल्ल्याकडे, यावर गटात मतभेद होतात. दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण दीपस्तंभाचे कित्येक दगड पाण्यात आहेत.

‘क्लिओपात्राच्या सुया’ हे दोन ओबेलिस्क मात्र इथे शोधू नका. एक लंडनला आहे, दुसरा न्यूयॉर्कला. आणि मुळात ते क्लिओपात्राच्या चौदाशे वर्षं आधीच्या फेरो थुटमोस तिसऱ्याचे. सुया गेल्या, पण या बंदराचं आपल्याकडशी जुनं नातं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण, सोपारा आणि चौल येतात, ही माहिती मात्र तोंडपाठ ठेवा. तिकडचा माल तांबड्या समुद्रातून आणि नाईलवरून याच बंदरात येई. ठाणे जिल्ह्यातल्या सहप्रवाशांसमोर ती सांगितली की परतताना पुढची सीट मिळते.

शेवटी नवं ग्रंथालय, २००२मध्ये उघडलेलं, समुद्राकडे कललेल्या प्रचंड तबकडीसारखं. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या सुमारे १२० लिप्यांची अक्षरं कोरली आहेत. गटातला प्रत्येक जण तिथे देवनागरी शोधू लागतो आणि आत जायचा वेळ तिथेच संपतो. आधी आत जा.

जुनं ग्रंथालय कोणी जाळलं, हा प्रश्न परतीच्या बसमध्ये काढू नये. सीझर, ख्रिस्ती जमाव की अरब, हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं आणि कैरोपर्यंतचा रस्ता आपल्याकडच्या निवडणुकांत जातो. ते एका रात्रीत जळालं नाही, राजांचं लक्ष उडालं, पैसा आटला आणि ते हळूहळू संपलं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हे बसमध्ये सांगून पाहायला हरकत नाही. कोणालाच पटत नाही.