ब्रँडभाऊ

आमच्या वर्ध्यातल्या आळीत त्याला सगळे ब्रँडभाऊ म्हणतात. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठात तो जाहिरात आणि जनसंपर्क या विषयात एम.ए. करतो. वडिलांची पिठाची चक्की आहे. सुट्टीत घरी आला की पाय धुण्याआधी तो चक्कीचा ‘ब्रँड ऑडिट’ करतो.

“बाबा, जाहिरात म्हणजे पैसे देऊन केलेलं स्वतःचं कौतुक. जनसंपर्क म्हणजे तेच कौतुक दुसऱ्याच्या तोंडून.”

“अन् पैसे?”

“दोन्हीत लागतात.”

मागच्या दिवाळीत त्यानं ‘येथे गहू, ज्वारी, डाळ दळून मिळेल’ ही जुनी पाटी उतरवली आणि नवी लावली : ‘आम्ही पीठ नाही, विश्वास दळतो.’ सकाळी डबा घेऊन आलेल्या आजीबाईंनी ती नातवाकडून वाचून घेतली आणि डबा उचलून चालत्या झाल्या. “इथं आता पीठ नाई दळत म्हन्ते, बाई!” दुपारपर्यंत ही बातमी बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी जुनी पाटी परत वर चढली.

मग एकदा ऐन गर्दीत चक्कीचा पट्टा तुटला. वडील आत पट्टा जोडत होते आणि हा दारात उभा राहून डब्यांच्या रांगेला निवेदन देत होता : “परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. सविस्तर माहिती लवकरच देण्यात येईल.” रांगेतून प्रश्न आला, “माहितीच्या पोया होते काय, भाऊ?”

सेवाग्राम जवळच असल्यानं त्याचा प्रबंधही बापूंवर आहे. “व्हाइसरॉयला 2 मार्चला पत्र, 12 मार्चला कूच. गाडीनं गेले असते तर दुसऱ्या दिवशी मीठ उचललं असतं. पण माणूस 24 दिवस चालला! रोज नवं गाव, रोज नवी बातमी. 1930 सालचं हे जगातलं सगळ्यात मोठं कॅम्पेन!”

चरख्यावर हयात घालवलेल्या एका सर्वोदयी काकाजींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “अन् ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’मध्ये ते जाहिराती घेत नव्हते, ते नाई शिकवत काय तुले?”

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. ब्रँडभाऊनं वही काढली. “काकाजी, हेच तर पोझिशनिंग!”

परत जाताना त्याच्या बॅगेत गोरसपाकाचे डबे असतात. मास्तरांना वाटायला. याला तो ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’ म्हणतो.

यंदा आईनं त्याचा लग्नाचा बायोडाटा केला. शिक्षणापुढे नुसतं ‘एम.ए.’. ब्रँडभाऊ हादरला. “आई, विषयच नाही टाकला! तोच तर माझा यूएसपी!”

“विषय टाकला का पोरीचा बाप इचारते, म्हंजे पोरगा करते काय? मंग बसा समजावत. घरची चक्की हाये, हे लिवलं पह्यल्या ओळीत.”

“पण माझी ओळख…”

“तुई वळख लग्न झाल्यावर होईन. आधी पोरगी तं पाहू.”

आठवड्यात तीन स्थळं सांगून आली. तिन्ही घरांनी एकच चौकशी केली : चक्की स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या?