रीम म्हणजे ४८०

बाजारपेठेमागच्या आळीत, पहाटे सहाच्या सुमारास ज्या घराच्या ओसरीबाहेर लहान मापाच्या चपलांचा खच पडलेला दिसतो आणि ज्याच्या आतून ‘किलो, हेक्टो, डेका’ असा अर्धवट झोपेतला घोष ऐकू येतो, ते घर शिष्यवृत्तीच्या गुरुजींचे आहे हे परगावच्या माणसालाही विचारून घ्यावे लागत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक गृहस्थ असतोच. आमच्या गावचे गुरुजी हे त्या वर्गाचे अव्वल उदाहरण. शाळेने त्यांना रीतसर निवृत्त केले, परंतु गणिताने अद्याप त्यांचा राजीनामा मंजूर केलेला नाही. नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग हे प्रांत त्यांनी इतर शिकवणीवाल्यांना उदार अंतःकरणाने सोडून दिले असून त्यांची स्वतःची वतनदारी एकाच प्रकरणावर आहे, आणि ते प्रकरण म्हणजे मापनाच्या एककांचे परस्पररूपांतर.

पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा व गणिताच्या पहिल्या पेपरात पंचाहत्तर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रश्नामागे बहात्तर सेकंद पडतात, हा हिशेब गुरुजी पालकांस पहिल्याच भेटीत करून दाखवतात; आणि एककाच्या प्रश्नाला जो मुलगा पुरते बहात्तर सेकंद खर्च करतो त्याची गणना ते उधळ्यांत करतात. वीस सेकंदांत उत्तर काढून उरलेले बावन्न सेकंद पुढच्या पाण्याच्या टाकीच्या खात्यावर वर्ग करावेत, असा त्यांचा दंडक आहे. “गुरुजी, ह्या हेक्टोमीटरचा पुढे उपयोग तो काय?” असे एका पालकाने, बिचारा किराणा दुकानदार असल्यामुळे, एकदा विचारले. “दोन गुण,” असे गुरुजींनी शांतपणे उत्तर दिले.

त्या पालकाचा प्रश्न अगदीच गैरलागू होता असे मला वाटत नाही. डेकालिटरने दूध घेणारा किंवा हेक्टोग्रॅमने साखर मागणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. परंतु परीक्षेचा मुलूख निराळा व त्याचे कायदे निराळे, ही गोष्ट गुरुजींनी मनोमन स्वीकारलेली आहे. त्या मुलखात चोवीस कागदांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम होते, सबब रीम म्हणजे ४८० कागद. आता गुरुजी सराव प्रश्नपत्रिकांसाठी दुकानातून जे रीम आणतात त्यावर ‘५०० कागद’ असे स्वच्छ छापलेले असते, आणि दरवर्षी कोणीतरी चौकस कारटे ते वाचते. अशा वेळी गुरुजी किंचितही विचलित होत नाहीत. “वरचे वीस कागद कंपनीने पदरचे घातलेले आहेत. उत्तरसूचीत ते धरावयाचे नाहीत,” एवढे बोलून ते ग्रोसाकडे वळतात.

त्यांच्या विद्येचा खरा गाभा मात्र पर्यायांच्या मीमांसेत आहे. ‘३ किलो ५० ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम?’ ह्या निरुपद्रवी प्रश्नाखालचे ३५०, ३५००, ३०५० आणि ३००५० हे चार आकडे सामान्य माणसास केवळ आकडे वाटतात. गुरुजींना त्यांत चार स्वभाव दिसतात. ३५० लिहिणारा घायकुत्या, ३५०० लिहिणारा मधले शून्य गिळणारा, ३००५० लिहिणारा आकड्याला आकडा चिकटवून मोकळा होणारा आळशी. आणि प्रश्न रचणाऱ्या अज्ञात गृहस्थाजवळ ह्या सर्व दुर्गुणांचे जुने दप्तर असते, असे ते आदराने सांगतात. कोणाचा मुलगा कोणता पर्याय निवडतो एवढ्यावरून त्यांनी घराण्याची परीक्षा केल्याचीही उदाहरणे आहेत. “तुमच्या वडिलांनीही इथे ३५००च लिहिले होते,” हे वाक्य ऐकून खाली मान घालणारी मुले मी प्रत्यक्ष पाहिली आहेत.

दशमान पद्धतीविषयी त्यांच्या मनात भक्ती आहे खरी, पण ती डोळस आहे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा आण्याचे वस्तुतः सव्वासहा पैसे व्हावयास हवे होते; सरकारी कोष्टकाने एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस पैसे ठरवले. एकेक आणा तीनदा मोडणाऱ्या गरिबाचा जो एक पैसा त्यात बुडाला त्याचा खुलासा सरकारने अद्याप केलेला नाही, अशी गुरुजींची तक्रार आहे. काळाबद्दल तर ते हताशच होतात. मीटर, लिटर, ग्रॅम सर्व दहाच्या अमलाखाली आले. एकटा काळ तेवढा साठाचा हट्ट धरून विलीन न झालेल्या संस्थानासारखा बसला आहे, आणि पावणेतीन तासांची २७५ मिनिटे करणारी मुले त्या संस्थानाच्या सरहद्दीवर दरवर्षी धारातीर्थी पडतात. ‘लीलावती’च्या आरंभी भास्कराचार्यांनी वराटक, काकिणी, पण, द्रम्म ह्यांची कोष्टके आधी दिली आणि गणित मागाहून सुरू केले, ह्या एका पुराव्यावर ते आचार्यांना शिष्यवृत्तीचेच गुरुजी समजतात.

इतके असूनही हा गृहस्थ स्वतः मेट्रिक मुलखात राहत नाही, ही त्यातली मौज. त्यांची उंची फुटांत आहे, त्यांचा ताप फॅरनहाइटमध्ये चढतो, आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये नोंदलेली त्यांची जमीन त्यांच्या तोंडी एकर-गुंठ्यांतच पिकते. गुंठा म्हणजे तेहतीस फुटांचा चौरस, तो आरापेक्षा सुमारे एक चौरस मीटरने मोठा, हे ते वर्गात एका दमात सांगतात. शेजाऱ्याशी बांधाचा वाद निघाला की तोच फरक चाळीस गुंठ्यांनी गुणून कागदावर मांडून नेतात.

एका प्रसंगी मात्र ह्या विद्येने खरोखरच एक घर राखले. दोन भावांत आईच्या दागिन्यांची वाटणी चालली होती. जुन्या चिठ्ठीत ‘पाटल्या, ४ तोळे’ असे लिहिलेले, आणि सराफाच्या काट्यावर भरले ४६ ग्रॅम ६५० मिलिग्रॅम. हल्ली पेढीवर तोळा म्हणजे दहा ग्रॅम, तेव्हा वरचे साडेसहा ग्रॅम सोने आले कोठून, आणि चिठ्ठीत कमी लिहून आईच्या डोळ्यांत धूळ कोणी फेकली, ह्यावरून शब्दाला शब्द वाढला व गोष्ट वकिलापर्यंत जाण्याच्या बेतात आली. गुरुजींनी पाटल्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमांचा, त्याची चौपट ४६.६५६, उरलेले सहा मिलिग्रॅम आईच्या मनगटावर झिजले असा निवाडा देऊन त्यांनी सभा बरखास्त केली. दोघे भाऊ त्यांचेच जुने विद्यार्थी होते. “एकक पाहिल्याशिवाय भांडू नये, हे तुम्हाला चौथीत सांगितले होते,” असे ते जिना उतरताना म्हणाले.

परवा त्यांचा आणखी एक जुना विद्यार्थी, जो आता अमेरिकेत अभियंता आहे, त्यांस भेटावयास आला. नमस्कार करून झाल्यावर त्याने मंगळाकडे पाठवलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर ह्या यानाची हकिगत सांगितली: एका पक्षाच्या संगणकाने जोराचे आकडे पौंडांत दिले, दुसऱ्या पक्षाने ते न्यूटन समजून घेतले, एका पौंडाचे जवळजवळ साडेचार न्यूटन होतात हे कोणाच्या ध्यानी आले नाही, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये ते यान मंगळाशी पोहोचता पोहोचता नाहीसे झाले. गुरुजींनी डोळे मिटून सर्व ऐकून घेतले.

“पर्याय दिले होते का रे?”

“नाही, गुरुजी.”

“तरीच,” म्हणून गुरुजींनी नासाला माफ केले.