काढलेलं नाही, फक्त येऊ नको

(एप्रिल 2021. कडक निर्बंध. बंद टपरीच्या फळीवर तिघे. मास्क तीन, पैकी दोन हनुवटीवर.)

बेकार : काका, नोकरी गेली की सरकार पैसे देतं म्हणे?

निवृत्त कारकून : सरकार कसलं, तुमचाच विमा. ईएसआय कापत होते ना?

बेकार : दर महिन्याला, पाऊण टक्का.

कारकून : मग अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आधी सरासरी रोजाच्या 25 टक्के होते, कोरोनात 50 केले. 90 दिवस.

बेकार : रोज 400 पडायचा. त्याचे 200. म्हणजे 18 हजार! काका, पाया पडतो.

कारकून : लांबून पड. विम्याला दोन वर्षं झाली?

बेकार : तीन.

कारकून : मागच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी?

बेकार : मी रविवारीसुद्धा जायचो!

कारकून : घरी बसून 30 दिवस झाले? पूर्वी 90 लागायचे.

बेकार : पूर्वीचे लोक दणकट होते.

कारकून : आणि हे आयुष्यात एकदाच हं.

बेकार : म्हणजे पुन्हा बेकार व्हायचं नाही?

कारकून : तसं कलम नाही. बरं, काढलं कधी?

बेकार : काढलं नाही.

कारकून : मग?

बेकार : मालक म्हणाले, तुला काढलेलं नाही, फक्त येऊ नको.

कारकून : आणि पगार?

बेकार : तोही बंद केलेला नाही. फक्त मिळणार नाही.

कारकून : अरे, मग कागदावर तू अजून कामावर आहेस.

बेकार : तो कागद एकदा किराणावाल्याला दाखवा.

कारकून : निराश होऊ नकोस. पूर्वी अर्ज मालकामार्फत जायचा. आता थेट शाखेत द्यायचा.

बेकार : झालं तर! मालकाचा संबंधच नाही.

कारकून : नाही. शाखा फक्त खातरजमा करते.

बेकार : कुणाकडे?

कारकून : मालकाकडे.

रिक्षावाला : (फळीवर थाप मारत) जोरात!

कारकून : तू का हसतोस? रिक्षावाल्यांना 1500 जाहीर झालेत.

रिक्षावाला : परवानाधारकांना. परवाना शेठचा. दुसरा शेठच्या बायकोचा, तिसरा मेव्हण्याचा. वहिनी रिक्षात बसल्या तरी उलटी होते त्यांना.

कारकून : आणि तुझ्या नावावर काय?

रिक्षावाला : दोन चलनं.

बेकार : काका, शाखेनं विचारलं तर मालक काय सांगतील हो?

रिक्षावाला : सांगतील, गडी रजेवर आहे.

कारकून : कसली रजा?

रिक्षावाला : बिनपगारी.