ताईताचा सातबारा

कार्थेजच्या कबरींतून निघालेला काचेचा ताईत कधी पाहिलाय? दोन-तीन बोटं उंचीचं मुंडकं, कुरळी दाढी आणि डोळे असे वटारलेले, की सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण यावी. सुमारे 2400 वर्षांपूर्वी फिनिशियन कारागीर मातीचा लेप दिलेल्या सळईवर वितळलेली काच गुंडाळून ही मुंडकी घडवत आणि दोरा ओवायला डोक्यावर कडी ठेवत. काम एकच, वाईट नजर परतवणं. आपल्याकडे हेच काम लिंबू-मिरची करते, पण तिला दर शनिवारी सुट्टी मिळते. या बिचाऱ्याला मालकाबरोबर कबरीतही ड्युटी.

ती त्यानं चोख केली. संग्रहालयांची नजर मात्र त्याला परतवता आली नाही.

1881 मध्ये ट्युनिशिया, म्हणजे कार्थेजचा आजचा देश, फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली आला (शब्द त्यांचाच). फादर देलात्र हे मिशनरी तर त्याआधीपासूनच कार्थेजला मुक्काम ठोकून होते. पुढे त्यांनी कबरींमागून कबरी उघडल्या. मेलेल्यांना शांती लाभो, ही प्रार्थना तेवढी चालू असणार. पण अशा उत्खननाचा निदान ठावठिकाणा तरी असतो. बाजारातून फिरत आलेल्या मुंडक्याच्या पाटीवर 'बहुधा कार्थेज. अमक्यांची देणगी.' एवढंच. देणगी कुणाची ते कळतं, देणाऱ्याला कुणी दिली ते विचारायचं नाही. शेवटचा फेरफार स्वच्छ, मूळ खातेदार मयत, वारस हजर नाहीत. तलाठ्यालाही याहून सुबक सातबारा जमला नसता.

इजिप्तमध्ये कारभार जास्त सभ्य. खणणाऱ्याला सरकारच वाटा देई. 1983 च्या कायद्यानं ती सोय जवळजवळ बंद झाली. ताईतांवर 1914 मध्ये अख्खं पुस्तक काढणाऱ्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींच्या उत्खननांतला माल वर्गणीदार संग्रहालयांकडे जाई. आपल्या मंडळात वर्गणीला प्रसाद मिळतो, तिथे देव.

पुढे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध 1970 चा युनेस्कोचा करार आला. आता मोठी संग्रहालयं वस्तू घेण्याआधी विचारतात, ती 1970 पूर्वी मायदेश सोडून आली का? आली असेल तर पात्र. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको, 1 जानेवारी 2000 पूर्वीची झोपडीही अशीच पात्र ठरते. फरक इतकाच, की झोपडीवाल्याकडे वीजबिल मागतात.

एवढ्या खटपटीनं गोळा केलेल्या चिमुकल्या वस्तूंची नोंद तरी होते का? 2023 मध्ये ब्रिटिश म्युझियमनं जाहीर केलं, की भांडारातल्या सुमारे 2000 वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या. त्यांत दागिने होते, कोरीव खडे होते, काचेच्या वस्तूही होत्या. बऱ्याच वस्तूंची यादीत धड नोंदच नव्हती. काही तर इंटरनेटवर विकायला निघाल्या होत्या. संचालकांनी राजीनामा दिला.

मग संग्रहालयानं जनतेला आवाहन केलं, आमच्या वस्तू कुठे आढळल्यास कृपया कळवावे. वस्तूंचा पूर्ण तपशील मात्र दिला नाही.